सेकंडहँड आरएक्स ५८० नायट्रो प्लस : आवाज कुठला, ताप कुठला

स्वस्तातलं ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड शोधायला लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन जुन्या बाजारात, एएमडीचं आरएक्स ५८० समोर येतंच. एप्रिल २०१७ मध्ये आलेलं हे कार्ड इथेरियम या क्रिप्टोचलनाच्या मायनिंगसाठी, म्हणजे संगणकी गणितं सोडवून ते चलन कमावण्यासाठी, भरपूर वापरलं गेलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस चाललेली कार्डं विक्रीला निघाली. त्यामुळे हातात येणारं कार्ड गरम होणार आणि आवाज करणार, हे धरूनच चालावं. खरा प्रश्न एवढाच, की तो दोष दोन तासांत निघणारा आहे की कार्ड परत करायला लावणारा.

इथे परीक्षण आहे ते सफायरच्या नायट्रो प्लस मॉडेलचं. आरएक्स ५८० घ्यायचंच असेल तर हेच शोधावं. कारण सरळ आहे: याचा प्रत्येक पंखा एका स्क्रूवर बसतो आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) न उघडता बाहेर येतो. शिवाय कार्डावर दोन बायोस (कार्डाचा वेग आणि व्होल्टेज ठरवणारे अंगभूत प्रोग्रॅम) आहेत आणि ते बदलायचं छोटं बटण कडेलाच आहे. जुन्या कार्डात बिघडतात त्या दोन गोष्टी म्हणजे पंखा आणि मायनिंगसाठी बदललेला बायोस; नेमक्या त्याच इथे सोप्या करून ठेवल्या आहेत. बाकी कागदावरचे आकडे असे: २३०४ शेडर (चित्राचं गणित करणारे चिपमधले घटक), २५६ बिटची जीडीडीआर५ मेमरी, चिपचा वेग १४११ मेगाहर्ट्झपर्यंत, वीजजोडणी ८ पिन अधिक ६ पिन. एएमडीने मूळ आरएक्स ५८० साठी १८५ वॅट धरले होते, नायट्रो प्लस त्याहून जास्त खातं. म्हणजे उष्णता मुळातच पुष्कळ आहे. हीटसिंक मात्र तेवढ्याच तयारीचा आहे, आणि कार्ड निरोगी असेल तर तो पुरतो.

आधी आवाज. 'कार्ड आवाज करतं' या एका वाक्यात चार वेगळे आजार असतात आणि चौघांचे उपाय वेगळे. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये झीरो आरपीएम (कार्ड गार असताना पंखे थांबवणारी सोय) बंद करून पंख्याचा वेग हाताने ३०, ५०, ७० आणि १०० टक्क्यांवर एकेक मिनिट ठेवावा. कमी वेगाला टिकटिक आणि वेग वाढवला की घरघर, तर बेअरिंग गेलं. ठरावीक वेगालाच खडखड होते आणि पुढे थांबते, तर प्लॅस्टिकचं आवरण किंवा एखादा सैल स्क्रू कंप पावतोय. स्क्रू आवळला की काम झालं. सतत टरटर असेल तर पातं कशाला तरी घासतंय, बहुतेक कॅबिनेटमधल्या वायरीलाच. आणि पंख्याचा वेग बदलला तरी न बदलणारा, पण गेमच्या मेनूत शिरताच चढणारा बारीक 'चीं' आवाज हा पंख्याचा नाहीच. तो कार्डावरच्या कॉइलचा, म्हणजे वीजपुरवठ्यातल्या तारेच्या वेटोळ्यांचा. मेनूत सेकंदाला फ्रेम हजारांत जातात म्हणून तो तिथे सगळ्यात जास्त ऐकू येतो. त्याला पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावतात ती) आणि तेल दोन्ही निरुपयोगी. फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या हर्ट्झइतकी लावली की बहुतेकदा ऐकू येईनासा होतो. कॉइलच्या आवाजासाठी कार्ड उघडणं म्हणजे निव्वळ वेळ वाया.

दोषी पंखा कोणता हे नायट्रो प्लसवर पाच मिनिटांत कळतं. पीसी बंद करून वायर काढावी, एक पंखा उतरवावा, चालू करून नुसत्या डेस्कटॉपवर ऐकावं, मग दुसऱ्याची पाळी. उतरवलेला पंखा बोटाने फिरवून पाहावा. तो सहज काही फेरे घेऊन हळूहळू थांबला पाहिजे. लगेच अडकत असेल किंवा मधला भाग वरखाली हलत असेल तर बदलायचाच.

तेलाबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण इथे चुका फार होतात. नायट्रो प्लसचे ९५ मिलिमीटरचे पंखे बॉल बेअरिंगचे आहेत. छर्रे झिजल्यावर तेलाने काही दिवस आवाज दबतो, बरा होत नाही. साध्या स्लीव्ह बेअरिंगच्या पंख्यांना, म्हणजे इतर अनेक स्वस्त कार्डांवरच्या, तेलाचा खरा उपयोग होतो: मागचा स्टिकर हलक्या हाताने उचलून शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब, त्याहून जास्त नको. जास्त झालं तर ते बाहेर उडतं आणि त्यावर धूळ बसते. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल तेल घालणारे आहेत. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे डिसेंबरातल्या पुण्यात किंवा नाशकात सकाळी पंखा फिरतच नाही. डब्ल्यूडी-४० सुद्धा नको. ते काही दिवसांत उडून जातं आणि उरलेलं वंगणही सोबत नेतं.

नवा पंखा मागवताना नायट्रो प्लसचं पूर्ण मॉड्यूलच मागवावं. यात पंख्याला लोंबती वायर नसते, चौकटीवरच्या संपर्कातून वीज मिळते. त्यामुळे नुसतं त्याच मापाचं पातं आणून बसत नाही. आणि दोन्ही पंखे एकदम बदलावेत. एक नवा, एक जुना ठेवला की दोघांच्या वेगात थोडा फरक पडतो आणि घों-घों असा लाटेसारखा आवाज येत राहतो.

आता ताप. इथला सगळ्यात उपयोगी आकडा म्हणजे कार्ड आणि खोली यांच्या तापमानातला फरक. विक्रेता जानेवारीत २० अंशांच्या खोलीत चाचणी दाखवतो, कार्ड ७० वर थांबतं, सगळं छान दिसतं. फरक ५० अंशांचा. तेच कार्ड, त्याच पंख्याच्या वेगाला, मे महिन्यात नागपुरातल्या ३८ अंशांच्या खोलीत ८८ वर जाणार. ९० च्या आसपास हे कार्ड स्वतःचा वेग कमी करायला लागतं. म्हणून चाचणी करताना पंखा ७० टक्क्यांवर स्थिर ठेवावा आणि खोलीचं तापमान लिहून घ्यावं. त्याशिवाय दोन चाचण्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पंखा आपोआप वेग बदलत असेल तर तापमान ठीक दिसतं आणि सगळा दोष आवाजात लपतो.

दुसरी खूण वेगाची. लोड (गेम किंवा चाचणी) सुरू होताच १०-१५ सेकंदांत तापमान ४५ वरून ८० ला उडी मारतं आणि लोड थांबताच तितक्याच झटक्यात खाली येतं, तर चिप आणि हीटसिंक यांच्यातला संपर्क बिघडलाय: पेस्ट वाळली, किंवा कोणीतरी मेमरीवर जाड पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारी मऊ पट्टी) लावून हीटसिंक उचलून धरलाय. याउलट तापमान दहा मिनिटं हळूहळू चढत राहिलं आणि थांबल्यावरही सावकाश उतरलं, तर पेस्ट ठीक आहे. हीटसिंकमधली उष्णता बाहेर जात नाही. पंखा, धूळ किंवा कॅबिनेट. दुसऱ्या परिस्थितीत पेस्ट बदलणारे पुष्कळ आणि निराश होणारेही तितकेच. कॅबिनेटची शंका असेल तर कडेचं झाकण काढून तीच चाचणी पुन्हा करावी. आठ-दहा अंश उतरले तर कार्डाला हात लावूच नये, समोर एक १२० मिलिमीटरचा पंखा हवा आत ओढायला बसवावा.

पेस्टच दोषी ठरली तर उघडायचं. आधी कार्ड पाच मिनिटं लोडवर चालवून कोमट करावं, म्हणजे वाळलेली पेस्ट सैल होते. चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू कर्णाच्या क्रमाने अर्धा-अर्धा फेरा सोडावेत. हीटसिंक सरळ ओढू नये, डावीउजवीकडे किंचित पिळून सोडवावा आणि एकदम उचलू नये. पंख्यांच्या चौकटीची आणि दिव्यांची वायर बोर्डाला जोडलेली असते. पॅडचे फोटो काढून ठेवावेत. चिप आणि तांबं ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. बोर्डावर तेलकट थर दिसला तर घाबरायचं कारण नाही. जुन्या पॅडमधून सिलिकॉनचं तेल झिरपतं, ते वीज वाहून नेत नाही, फक्त धूळ धरतं. तेही पुसून काढावं.

ही चिप उघडी असते, प्रोसेसरसारखी वर धातूची टोपी नसते. म्हणून मधोमध ठिपका देऊन सोडून देऊ नये. एखादा कोपरा कोरडा राहिला तर तिथेच चटका बसतो. साधारण तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट घेऊन पूर्ण चिपवर पातळ, सलग पसरावी. पेस्ट घट्ट प्रकारची चांगली. पातळ पेस्ट उघड्या चिपवर गरम-थंड होताना कडेला सरकत जाते आणि काही महिन्यांत तीच तक्रार परत येते. पुन्हा पुन्हा उघडायची तयारी नसेल तर हनीवेलचं पीटीएम ७९५० हे पेस्टऐवजी लावायचं पातळ शीट घ्यावं. ते साधारण ४५ अंशांना मऊ होऊन चिपवर बसतं आणि सरकत नाही. लावण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवलं की त्याचा वरचा कागद न फाटता निघतो.

पॅडच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरची चूक महागात पडते. जुना पॅड फाटला नसेल तर तसाच ठेवावा. बदलायचाच असेल तर दबलेल्या आणि न दबलेल्या अशा दोन्ही जागी व्हर्नियरने मोजून न दबलेल्या जाडीचा, आणि मऊ, घ्यावा. जाड पॅड बसला की मेमरी गार आणि चिप तापलेली असं उफराटं चित्र दिसतं. पातळ बसला तर मेमरीला हीटसिंक लागतच नाही, आणि या कार्डाला जीडीडीआर५ मेमरीचं तापमान दाखवणारा सेन्सर नाही, त्यामुळे ते कळतही नाही. म्हणून काम झाल्यावर सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये मेमरी एरर्सचा आकडा पाहावा. अर्धा तास गेम चालवूनही तो शून्य राहिला पाहिजे.

तो आकडा वाढतच असेल तर संशय बायोसवर घ्यावा. मायनिंगवाले मेमरीचं टायमिंग घट्ट करून ती मूळ २००० मेगाहर्ट्झच्या वर नेत. बदललेल्या बायोसची आणखी एक खूण म्हणजे विंडोजमध्ये एएमडीचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला तरी कार्ड सुरूच होत नाही, कारण ड्रायव्हर बायोसची सही तपासतो. पीसी बंद करून कार्डावरचं बटण दुसऱ्या बाजूला करावं. बऱ्याच वेळा एका बाजूचा बायोस मूळचाच राहिलेला असतो. दोन्ही बदललेले असतील तर मूळ बायोस पुन्हा भरावा लागतो आणि तो कार्डावरच्या मेमरीच्या कंपनीशी जुळणारा हवा. सॅमसंग, हायनिक्स की मायक्रॉन, हे कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये दिसतं. भरण्याआधी आहे तो बायोस तिथूनच जतन करून ठेवावा.

एवढं झालं की सर्वांत फायद्याचं आणि बिनखर्चाचं काम: व्होल्टेज कमी करणं. वरच्या पायरीला साधारण १.१५ व्होल्ट असतात. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, त्यामुळे १.०५ व्होल्टला त्याच वेगात चिपचा खर्च सुमारे १७ टक्के उतरतो. चिपला १४५ वॅट लागत असतील तर जवळपास २५ वॅट कमी. मात्र १४११ मेगाहर्ट्झला प्रत्येक चिप १.०५ वर टिकत नाही. वेग १३४० ला आणून व्होल्टेज १५-१५ मिलिव्होल्टने उतरवावं, प्रत्येक पायरीला अर्धा तास गेम चालवावा आणि पहिला अडखळा आला की २० मिलिव्होल्ट परत वाढवावे. गमावलेल्या ७० मेगाहर्ट्झमुळे गेममध्ये फरक जाणवत नाही, पंख्याच्या आवाजात मात्र लगेच कळतो. एक सावधगिरी: सॉफ्टवेअर या कार्डाचा दाखवतं तो विजेचा आकडा फक्त चिपचा असतो, पूर्ण कार्डाचा नाही. तो १४५ दिसतोय म्हणून ३५० वॅटच्या बिनब्रँडच्या एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) हे कार्ड चालवू नये. चांगल्या कंपनीचा ५०० वॅटचा हवा.

डेस्कटॉपवर नुसतं बसलेलं असतानाही पंखे दर मिनिटाला चालू-बंद होत असतील तर दोन मॉनिटर जोडलेत का ते पाहावं. दोन मॉनिटरवर हे कार्ड मेमरी पूर्ण वेगात ठेवतं, तापमान पंखा सुरू होण्याच्या रेषेवर लोंबकळतं. झीरो आरपीएम बंद करून पंखा सतत २५ टक्क्यांवर ठेवला की तो ऐकूही येत नाही आणि सारखा सुरू होण्याचा त्रासही संपतो.

घ्यावं का? १०८० पिक्सेलवर मध्यम सेटिंगला समाधान असेल आणि भाव खरंच कमी असेल तर हो, नायट्रो प्लस घ्यावं. थोडी ओढाताण करून आरएक्स ६६०० परवडत असेल तर तेच घ्यावं. ते बरंच वेगवान असूनही १३२ वॅटमध्ये भागवतं, आणि २०२३ च्या अखेरीपासून एएमडीने आरएक्स ५८० च्या पिढीला ड्रायव्हरच्या मुख्य शाखेतून बाजूला काढलं आहे. 'आरएक्स ५८० २०४८ एसपी' असं नाव असलेलं कार्ड ५८० च्या भावात मुळीच घेऊ नये. त्यात शेडर २०४८ च आहेत, म्हणजे कामगिरीने ते आरएक्स ५७० आहे. जीपीयू-झेड उघडलं की पहिल्याच खिडकीत हा आकडा दिसतो.

दुकानात पंधरा मिनिटांची चाचणी मागावी. युनिजिन सुपरपोझिशन या ग्राफिक्स चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर ठिपके किंवा चौकटी दिसल्या तर बहुतेक मेमरी गेलेली आहे, तिला पेस्टही वाचवत नाही. बॅकप्लेट (कार्डामागचा पत्रा) आणि जोडणीच्या पट्टीवर गंज असेल, विशेषतः किनारपट्टीवरून आलेल्या कार्डावर, तर हीटसिंकच्या पाकळ्यांमध्येही टॉर्च मारून पाहावं. चिपमागच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर कार्ड आधी उघडलं गेलंय. तो दोष नव्हे, पण पॅड कोणते लावले हे विचारायला हवं. आणि बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून सात दिवसांची बदलून देण्याची हमी घ्यावी, कारण उन्हाळ्यातली घरची खोली आणि दुकानातला एसी यांतला फरक पहिल्या दोन दिवसांतच कळतो.