काचा धुवायच्या ब्रशला जेट कोणते घ्यावेत, पेन्सिल का फॅन? लातूरच्या पाण्यावर वापरून सांगायलोय

लांब दांड्याचा, पाणी येणारा ब्रश घ्यायचा म्हणलं की सगळे दांडा कार्बनचा का ॲल्युमिनियमचा, ब्रशचे केस मऊ का कडक हेच विचारायलेत, जेटबद्दल, म्हणजे ब्रशवर बसवलेल्या पाणी सोडणाऱ्या तोंडाबद्दल, कुणी शब्द काढत नाही. ब्रश फक्त घाण सोडवतो हो, काच सुकल्यावर तिच्यावर डाग राहणार का नाही ते शेवटच्या धुण्यावर ठरतं अन ते धुणं जेटचं असतं. म्हणून हा रिव्ह्यू नुसत्या जेटचा, ब्रशचं नंतर बघू कधीतरी.

आमचं काम लातुरात, औसा रोड, अंबाजोगाई रोडच्या बाजूला जे काचंचे शोरूम, दवाखाने अन क्लासेसच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्यात त्यांच्या काचा, मधीअधी सोलर पॅनल पण. बोअरचं पाणी थेट मारलं तर उन्हात दोन मिनिटात सुकून पांढरे क्षाराचे ठिपके, आधीची धूळ परवडली अशी गत. आमच्या बोअरला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर लावला की ९०० च्या आसपास दाखवतो. म्हणून आरओ अन त्याच्यापुढं रेझिनची (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची) टाकी लावून टीडीएस १० च्या खाली आणलेलं पाणीच काचंवर जातं. आता आरओ किती पाणी बाहेर टाकतो ते सगळ्यांना माहितीय (ते आम्ही झाडांना अन गेटजवळची फरशी धुवायला वापरतो), रेझिन पण संपलं की नवीन भरा, म्हणजे दांड्यातून निघणारा एकेक लिटर महागाचा. त्यात हे लातूर. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आहे हे, इथं काचंवर पाईप धरला की खालून जाणारं कुणीतरी म्हणतंच, "काय दादा, प्यायला नाही अन काचंला आंघोळ!" त्यामुळं भारीतला जेट कोणता हा प्रश्नच नाही माझ्यासाठी, कमी पाण्यात कोणता स्वच्छ धुतो एवढंच बघायचं.

जेट निवडायच्या आधी काच बघा. उलीसं पाणी मारा अन थांबा. पाणी चादरीसारखं पसरून सरसर खाली गेलं तर ती पाणी धरणारी काच, अन थेंब थेंब होऊन ओघळ फुटले, मधी कोरड्या वाटा राहिल्या तर ती पाणी झटकणारी. स्वच्छ साधी काच सहसा पहिल्या प्रकारात येते. सिलिकॉनचा हात लागलेला, तेलकट धुराचा थर किंवा वरून कुठलं कोटिंग मारलेलं असलं की दुसऱ्या. एकाच बिल्डिंगला दोन्ही सापडतात बरं का, खाली रस्त्याच्या धुराची एक अन वर दुसरी.

पाणी धरणाऱ्या काचंला पेन्सिल जेट, दुसरं काही बघूच नका. पेन्सिल म्हणजे सरळ एक धार. ती काचंच्या वरच्या कडंला लागली की पुढं पसरायचं काम काचच करते. फक्त भोक किती ते बघून घ्या. आमच्याकडं ब्रशसोबत आलेले जेट २ मिमीचे, दोन नग, अन तेच अजून चालूयत. ऑनलाईन एका ठिकाणाहून जास्तीची जोडी मागवली तर पाकिटावर "हाय प्रेशर जेट" एवढंच, भोक किती, आटा कोणता, काही नाही. कॅलिपर लावला तर १ मिमी निघालं. भोकाचा व्यास निम्मा झाला की तोंड चौथाई होतं. मिनिटाला २ लिटर पाणी दोन २ मिमीच्या जेटमधून गेलं तर धारेचा वेग साधारण सेकंदाला ५ मीटर येतो, तेच पाणी १ मिमीतून ढकलायचं तर वेग २० च्या पुढं, तेवढा दाब पंपानं द्यायचा. १२ व्होल्टचा डायफ्राम पंप काय करतो, दाब वाढला की स्विच तोडतो, उतरला की परत चालू, टक टक टक टक दिवसभर. धार दिसायला जोरात, पण काचंवर आपटून उडून आपल्याच शर्टावर. ती जोडी आता गाडी धुवायला ठेवलीय, तिथं मस्त चालते.

चार जेटवाला ब्रश पण लोक घ्यायलेत. पंप तोच, पाणी तेवढंच, तर चार भोकातून धारेचा वेग निम्मा होणार की. खालच्या मजल्यावर कळत नाही, पण १० मीटर उंचीला जवळपास १४ पीएसआय दाब नुसतं पाणी वर चढवण्यात जातो, वर पाईपाची घासण वेगळी. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर चारी जेट नळ गळल्यावानी गळतात. पंप दमदार असन अन पाण्याची चिंता नसन तर घ्या, रुंद ब्रशला बरे पडतात. इकडं मला तरी परवडत नाहीत.

आता फॅन जेट. ह्याच्यातून पाणी पंख्यासारखं चपटं अन रुंद पडतं, म्हणून पाणी झटकणाऱ्या काचंवर हाच कामाचा, कारण तिथं काच पाणी पसरवत नाही, जेटलाच पसरवावं लागतं. पेन्सिलनं तसली काच धुवायला गेलं की धारेची वाट तेवढी स्वच्छ, आजूबाजूला थेंब तसेच चिकटून, मग परत परत ब्रश फिरवत बसा. एका दवाखान्याच्या दर्शनी काचा अशाच होत्या, वॉचमन काका खाली उभं राहून बोटानं दाखवायलेत, "तिथं राहिलं, तिथं राहिलं." फॅन लावल्यावर एका फेरीत काम झालं अन काका पण गप.

पण फॅनला दोन गोष्टी सोसत नाहीत, कमी दाब अन वारा. दाब कमी पडला की पंखा मिटतो, मधी जाड पट्टा अन कडंला काहीच नाही. अन आपल्याकडं मे महिन्यात दुपारून जो वारा सुटतो त्यात त्याचे बारीक थेंब अर्धे काचंवर जातच नाहीत, शेजारच्या दुकानदाराच्या मालावर जातात आणि मग वेगळीच भांडणं. पेन्सिलची धार वाऱ्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. फॅनचं काम मी सकाळी लवकर उरकतो, उन्हाच्या आत, तसंही तापलेल्या काचंवर पाणी धुवून व्हायच्या आधी सुकतं.

ह्यात एक देशी जुगाड सांगतो. फॅन जेट बाहेरून मागवायची गरजच नाही, कृषी सेवा केंद्रात तणनाशक फवारायचा फ्लॅट फॅन नोझल मिळतो, किरकोळ पैशात. चांगल्या नोझलला रंगाचा कोड असतो, पिवळा म्हणजे ०२, तो ३ बार दाबावर मिनिटाला ०.८ लिटर सोडतो, निळा ०३ म्हणजे १.२, लाल ०४ म्हणजे १.६. वर ११० लिहिलेलं असलं तर पंख्याचा कोन ११० अंश. ब्रशला दोन पिवळे पुरेत. ३ बार तर ब्रशच्या टोकाला आपल्याला मिळतच नाही, १ बार मिळालं तरी एकेकातून अर्ध्या लिटरच्या आतच निघतं, म्हणजे पाण्याची बचतच, फक्त पंखा जरा अरुंद पडतो. बसवायला मात्र डोकं लावावं लागतं, आटा जुळत नाही, ॲडाप्टर शोधा, टेफलॉन गुंडाळा. अन ब्रशच्या केसात खोल बसवला तर पंख्याच्या दोन्ही कडा केसावरच आदळतात अन पाणी टपटप गळतं, म्हणून केसाच्या बाहेर, वरच्या बाजूला बसवा. कापसावर फवारायचा होलो कोन मात्र आणू नका, तो नुसता धुकं करतो.

रिन्स बार पण एकाचा आणून लावून बघितला. ब्रशच्या वर आडवी नळी, तिला जेट, त्यामुळं ब्रश काचंवरून न उचलता धुता येतं. झटकणाऱ्या काचंवर खरंच भारी, दांडा सारखा मागं ओढायचा त्रास वाचतो, खांदे दुखत नाहीत. पण टोकाला वजन वाढतं अन चौथ्या मजल्यावर ते वजन लैच जाणवतं. रोज तसल्याच काचा असतील तरच घ्या.

जेट तुंबणं हे सगळ्यांचं होतं. रेझिनचे दाणे, टेफलॉनचा तुकडा, पाईपातली घाण. पेन्सिलमध्ये काडी घातली तरी चालतं, फॅनमध्ये मात्र पिन, तार काही घालू नका, त्याच्या फटीला ओरखडा पडला की पंख्यात कायमची फट दिसते अन काचंवर तेवढा पट्टा राहतो. जुना टूथब्रश अन उलट्या बाजूनं पाणी, बस. टाकीनंतर एक बारीक जाळीचा फिल्टर लावला तर निम्मं डोकं दुखायचं वाचतं, हा फिल्टर ब्रशसोबत कुणी देत नाही ते पण सांगून ठेवतो.

माझ्याकडून २ मिमीच्या पेन्सिल जोडीला पाचपैकी साडेचार, पिवळ्या फॅन नोझलला चार, चार जेटच्या ब्रशला अडीच, अन त्या "हाय प्रेशर"ला एक, ते पण गाडी धुतो म्हणून. नांदेड-परभणीकडं कुणी सोलर पॅनलवर फॅन वापरत असन तर कोणता नंबर अन पंप कोणता ते लिहा खाली, पॅनलसाठी मला निळा लावून बघायचाय.