स्टॉक ८.८: हॉर्सपॉवर नंतर, आधी टायर कुठले ते सांगा

"स्टॉक ८.८, म्हणजे फोर्डचा कारखान्यातून आलेला मागचा अ‍ॅक्सल, किती हॉर्सपॉवर सोसतो?" मिशिगनमध्ये भेटणारा प्रत्येक दुसरा मस्टँगवाला मला हे विचारतो. एक तर मी गिअर तपासणीच्या खात्यात नोकरी करतो, आणि माझ्या १९९१ च्या ५.० एलएक्स मस्टँगखाली अजून फोर्डने दिलेलाच मागचा अ‍ॅक्सल आहे. कोणी म्हणतं ४००, कोणी छातीठोकपणे ६००. खोटं कोणीच बोलत नाही, पण उत्तर कोणाचंच कामाचं नाही. अ‍ॅक्सलला हॉर्सपॉवर कळत नाही. त्याला पीळ, म्हणजे टॉर्क, कळतो, आणि तो पीळ किती झटक्यात आला ते कळतं.

आधी वस्तू काय आहे ते. ८.८ म्हणजे आतल्या मोठ्या गिअरचा, क्राऊनचा, व्यास, इंचांत. फॉक्स बॉडी (१९७९ ते १९९३ चा सांगाडा) मस्टँगच्या व्ही-८ ला हा अ‍ॅक्सल १९८६ पासून मिळाला, त्याआधी साडेसात इंची होता. २००४ पर्यंतच्या साध्या जीटी मॉडेलात याचे चाकाचे शाफ्ट २८ स्प्लाईनचे, म्हणजे टोकाला २८ खाचांचे. मधला गोळा ओतीव लोखंडाचा, त्यात दोन्ही बाजूंनी पोलादी नळ्या दाबून बसवलेल्या आणि भोकांतून वेल्डिंगचे टिपके दिलेले. शाफ्ट आतल्या टोकाला सी-क्लिपवर, म्हणजे इंग्रजी सीच्या आकाराच्या छोट्या क्लिपवर, अडकतात. तिन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता हिशेब. माझ्या इंजिनाचा कारखान्याचा आकडा २२५ हॉर्सपॉवर, ३०० पाउंड-फूट टॉर्क. टी-५ गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.३५, मागे ३.७३ चा क्राऊन-पिनियन (पिनियन म्हणजे क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर). गुणाकार केला की दोन शाफ्टांवर मिळून सुमारे ३,७५० पाउंड-फूट येतात. तोच टॉर्क दुसऱ्या गिअरमध्ये २,१६० च्या आसपास उतरतो. म्हणजे सरळ पळायच्या ड्रॅग शर्यतीत शाफ्टचा खरा काळ पहिल्या गिअरमध्ये, पहिल्या साठ फुटांत. शेवटच्या टोकाला गाडी ताशी ११० मैलांनी जाते तेव्हा तो निवांत असतो.

पण ते ३,७५० शाफ्टपर्यंत पोचतात का? ते टायर ठरवतो. माझ्यासकट गाडी ३,३०० पाउंड धरा. साध्या रस्त्याच्या टायरवर निघताना मागच्या चाकांवर साठ टक्के वजन आणि ०.९ पकड धरली, तर २६ इंची टायर जेमतेम दोन हजार पाउंड-फूट घेतो आणि मग फिरायला लागतो. धूर निघतो, बाजूचे टाळ्या वाजवतात आणि शाफ्ट सुरक्षित राहतो. आता त्याच गाडीला स्लिक, म्हणजे बिननक्षीचे मऊ शर्यतीचे टायर, लावा, पकडीसाठी डिंक मारलेल्या ट्रॅकवर उभी करा. नाक उचललं, ऐंशी टक्के वजन मागे आलं आणि पकड दीड झाली, की टायर चार हजारांच्या वर घेऊ शकतो. इंजिन देतं त्याहून जास्त. तेव्हा फ्यूज म्हणून टायर उरत नाही, सगळा पीळ शाफ्टला खावा लागतो. त्यात पाच हजार आरपीएमवर क्लच एकदम सोडला तर फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर वरून येतो, तो या गुणाकारात धरलेलाच नाही.

ऑटोमॅटिकवाले हसतात. क्लचच्या जागी असलेल्या त्यांच्या टॉर्क कन्व्हर्टरनेही टॉर्क वाढतोच, पण तो दाबत येतो, हातोड्यासारखा येत नाही. म्हणून कन्व्हर्टर आणि रेडियल टायरवर ४०० हॉर्सपॉवरच्या पुढे गेलेले २८ स्प्लाईनचे शाफ्ट वर्षानुवर्षं टिकलेले दिसतात, आणि स्लिक लावून क्लच सोडणाऱ्याचे ३०० वरही पिळून निघतात. माझी गाडी आता चाकांवर ३३० हॉर्सपॉवरच्या आसपास देते, ड्रॅग रेडियलवर (रस्त्यावर चालणारे, पण जास्त पकडीचे टायर) मिशिगनच्या मिलन ड्रॅगवे ट्रॅकला साडेबारा सेकंदांच्या आतबाहेर पळते. एवढ्या कामाला ८.८ उत्तम, यात मला शंका नाही.

शाफ्टपेक्षा मला जास्त खटकतात त्या नळ्या. स्लिकवर जोरात निघालं की मधला गोळा वर वळायला बघतो, नळ्या जागेवर राहायला बघतात, आणि ते टिपके केव्हातरी सुटतात. मग नळी गोळ्यात फिरते, पिनियनचा कोन बदलतो. उपाय ठाऊक आहे, नळी आणि गोळ्याचा सांधा सगळीकडून वेल्ड करायचा. मी कोल्हापूरचा, फाउंड्रीच्या धुरातच वाढलो, त्यामुळे सांगतो: ओतीव लोखंडावर गार असताना आर्क मारणाऱ्याच्या हातात हा गोळा देऊ नका. आधी तापवायचा, थोडं थोडं वेल्ड करायचं, झाकून हळू निवू द्यायचा. घाई केली की तडा जातो किंवा नळी वाकते, आणि वाकलेली नळी बेअरिंग खाते. हे काम शेजारच्या वेल्डरकडून स्वस्तात उरकणाऱ्यांचा नाद खुळा आहे, एवढंच म्हणतो.

सी-क्लिपचं दुखणं वेगळं. शाफ्ट तुटला तर चाक धरून ठेवायला काहीच उरत नाही, चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर येतं. म्हणूनच एन.एच.आर.ए.च्या (अमेरिकेतली ड्रॅग शर्यतींची संघटना) नियमात १०.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ काढणाऱ्या गाडीला बाजारातले मजबूत शाफ्ट आणि ते धरणारी वेगळी व्यवस्था सक्तीची आहे. सी-क्लिपऐवजी शाफ्ट बाहेरच्या टोकाला धरणारे सी-क्लिप एलिमिनेटर किट मिळतात, पण रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीत त्यांतून तेल झिरपण्याची तक्रार जुनी आहे. मी मजबूत शाफ्ट घेतले तर नळीची टोकंच कापून फोर्डच्या नऊ इंची अ‍ॅक्सलसारखी टोकं वेल्ड करून घेईन.

३१ स्प्लाईनचा शाफ्ट साधारण १.३३ इंच जाड, २८ चा १.२. फरक दिसायला किरकोळ, पण पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. फक्त शाफ्ट घेऊन भागत नाही, डिफरन्शियलही ३१ चं लागतं, हे ऑर्डर देण्याआधी बघा. भंगारातल्या एक्सप्लोररचा ८.८ कारखान्यातूनच ३१ चा असतो, म्हणून जीपवाले त्यावर तुटून पडतात. मस्टँगला मात्र त्याची मापं आणि बसवायच्या जागा जुळत नाहीत.

मग थेट नऊ इंची का नाही? पिनियनला तिसरं बेअरिंग, अख्खा डिफ पुढून बाहेर काढता येतो, हे सगळं खरं. पण त्याचा पिनियन क्राऊनच्या मध्यापासून जास्त खाली बसतो, दात जास्त घासतात आणि थोडी ताकद तिथेच जाते. शिवाय सगळं जोडून खर्च इतका होतो की घरात विषयच काढता येत नाही. बायको माझ्या सुट्या भागांना एकत्रितपणे "ते लोखंड" म्हणते आणि त्याचं बजेट तिच्या हातात आहे.

जुना ८.८ विकत घेत असाल तर नुसतं ऑइल आणि त्यातला धातूचा चुरा बघून भुलू नका. नळी आणि गोळ्याच्या सांध्यावरून कोणी रंगाची रेघ मारलेली असेल तर ती अजून सरळ आहे का ते बघा. रेघ तुटलेली दिसली तर किंमत अर्ध्यावर आणा, नाहीतर पुढचा बघा. आणि रेघ नसेल, तर आणल्याबरोबर तुम्ही मारा.