पाच मिनिटं चालवून दाखवलेला हीटर

आई रत्नागिरीहून पहिल्यांदाच आमच्याकडे यायची होती, आणि तीही नोव्हेंबरात. आम्ही दोघं इंग्लंडमध्ये ग्रँड युनियन कालव्यावर नॅरोबोटीत राहतो. बोट ५७ फूट लांब, रुंदी सात फुटांनाही जरा कमी, आणि सगळी पोलादी. पुढच्या भागात कोळशाची शेगडी आहे, पण तिची ऊब मागच्या झोपायच्या खोलीपर्यंत पोचत नाही. सकाळी तिथल्या खिडक्यांच्या आतल्या बाजूने पाणी ओघळत असतं. सत्तरीच्या बाईला तिथे कसं झोपवायचं, या काळजीने मी घाईत होतो. ती घाई मला महागात पडली. तुमच्यापैकी कुणी बोटीत किंवा कॅम्परव्हॅनमध्ये जुना डिझेल हीटर बसवायच्या विचारात असाल, तर आधी हे वाचा.

नवा चांगला दोन किलोवॅटचा हीटर बोटीच्या किटसह घ्यायचा तर हजार पौंडांच्या वर जातो. मला जाहिरातीत तसाच एक जुना ३५० पौंडांना दिसला. 'कॅम्परव्हॅनमधून काढलेला, जेमतेम दोन हिवाळे वापरलेला' असं लिहिलं होतं. विक्रेत्याने घरी न बोलावता एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये बोलावलं. व्हॅनच्या मागच्या फळीवर हीटर, शेजारी बॅटरी आणि डिझेलचा छोटा कॅन अशी सगळी मांडणी तयार होती. त्याने बटण दाबलं, दोन मिनिटांत पंप टिकटिकायला लागला आणि गरम हवा आली. पाच मिनिटांनी त्याने तो बंद केला. मी खूश झालो.

सुरू करण्याआधी मी हीटरवर हात ठेवला होता आणि तो कोमट लागला होता. मी विचारलंही. तो म्हणाला, "तुम्ही यायच्या आधी एकदा तपासून घेतला." मला ते प्रामाणिकपणाचंच वाटलं. आता कळतं, की ज्या हीटरमध्ये काजळी साचली आहे किंवा ज्याची ग्लो पिन (डिझेल पेटवणारी, विजेवर तापणारी कांडी) थकली आहे, तो थंड असताना पेटायला कुरकुरतो, पण आधी तापवून ठेवला तर सहज पेटतो. शिवाय त्याने व्हॅनचं इंजिन चालू ठेवलं होतं, त्यामुळे बॅटरीचे व्होल्ट भरपूर राहत होते. पैसे मी तिथेच उभ्या उभ्या फोनवरून बँकेतून पाठवले. त्याचा पत्ता मागायचं सुचलंच नाही.

या हीटरचं काम साधं आहे. ग्लो पिन लाल होते, पंप थोडं थोडं डिझेल सोडतो, बंद कप्प्यात ते जळतं आणि धूर नळीने बोटीबाहेर जातो. पंखा खोलीतली हवा त्या तापलेल्या कप्प्याच्या बाहेरून फिरवून परत खोलीत आणतो. धूर आणि ही हवा कुठेही एकत्र येता कामा नये. सगळी भिस्त त्यावरच असते.

मी स्वतः तो मागच्या इंजिनाच्या कप्प्यात बसवला. आठवडाभर बरा चालला. मग सकाळी पेटेना. बाहेरच्या नळीतून पांढरा धूर यायचा, दोन-तीन प्रयत्न करून तो स्वतःच बंद पडायचा. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणाला, "तुमची वायर बारीक असणार." हे कारण खरंही असू शकतं. पेटताना ग्लो पिन आठ-दहा अँपिअर ओढते आणि वायर लांब व बारीक असेल तर हीटरपर्यंत पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत. म्हणून मी ६० पौंडांची जाड वायर ओढली. फरक पडला नाही. मग त्याने त्याच्या ओळखीचा फिटर सुचवला. 'बोटींचीच कामं करतो, सर्टिफिकेटही देतो' म्हणाला.

फिटर आला. त्याने गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. ते गॅसच्या कामाचं होतं. डिझेल हीटरशी त्या कार्डाचा काही संबंध नाही, आणि गॅसच्या कामासाठीसुद्धा बोटींची परवानगी आहे का, ते कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं. मी मागे पाहिलं नाही. त्याने बर्नर उघडून साफ केल्यासारखं केलं, एक्झॉस्टची नळी बदलली, मध्ये एक सायलेन्सर घातला, रोख २८० पौंड घेतले आणि छापील कागदावर सही करून दिली. इथे बोटीचं सुरक्षा प्रमाणपत्र दर चार वर्षांनी अधिकृत तपासनीस पूर्ण बोट बघून देतो. नुसत्या हीटरच्या फिटिंगचा असा कागद त्याच्या जागी चालत नाही. पण हीटर पहिल्या झटक्यात पेटला, म्हणून मी गप्प बसलो.

आई आली. खोली छान ऊबदार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अरे, डोकं नुसतं जड झालंय बघ." आम्हाला वाटलं प्रवासाचा शीण असेल. आल्याचा चहा दिला, डोक्याला बाम चोळला. तिसऱ्या दिवशी तिला मळमळायला लागलं. कालव्यावर फिरून आली की बरं वाटायचं, रात्र झाली की पुन्हा तेच. हे लिहिताना आजही माझे हात थरथरतात. बाहेर गेल्यावर बरं वाटतं आणि आत आल्यावर त्रास होतो, हे कार्बन मोनॉक्साइडचं, म्हणजे धुरातल्या वास नसलेल्या विषारी वायूचं, लक्षण मी वाचलेलं होतं. पण स्वतःच्या आईच्या बाबतीत ते मला ओळखता आलं नाही.

इथे राहायच्या सोयीच्या बोटींवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचा आहे. आमचा होता, पण पुढे शेगडीजवळ. मागच्या खोलीसाठी बायकोने दुसरा मागवला होता, तो आई आल्यावर पाचव्या दिवशी पोचला. त्याच रात्री पावणेतीनला तो वाजला. पडद्यावर ११८ आकडा होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे ११८ भाग. मी मेन स्विच ओढला. एरवी तसं कधीच करू नये, कारण बंद केल्यावरही पंखा काही मिनिटं चालून हीटर थंड व्हावा लागतो. पण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. दारं-खिडक्या उघडल्या आणि आईला ब्लँकेटमध्ये गुंडाळून काठावर आणलं. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं, ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत ती सावरली. बाकीचे दिवस ती पुढे शेगडीपाशी झोपली.

नंतर कालव्यावरच्या एका जुन्या, जाणत्या मेकॅनिकने हीटर खोलून माझ्यासमोर मांडला. कवच नामांकित कंपनीचं, आतला बर्नर स्वस्त नकलेचा. नंबरप्लेट नवी चिकटवलेली, आणि तिच्याखाली जुन्या रिव्हेटची भोकं. गॅस्केटच्या, म्हणजे सांधा घट्ट बंद करणाऱ्या पट्टीच्या, जागी नुसती पेस्ट थापलेली. कंट्रोलरमधून त्याने चाललेले तास वाचून दाखवले, ते अडीच हजारांच्या वर होते. पण विष आलं ते फिटरच्या कामातून. त्याने गाडीचा सायलेन्सर बसवला होता. गाडीच्या सायलेन्सरला साचलेलं पाणी गळून जायला खाली बारीक भोक असतं. गाडीखाली ते उघड्यावर असतं म्हणून चालतं. आमच्याकडे ते इंजिनाच्या बंद कप्प्यात होतं, आणि हीटर खोलीसाठीची हवा त्याच कप्प्यातून ओढत होता. त्या भोकावर बोट ठेवलं तर करंगळीचं टोकही आत जाणार नाही, एवढंसं ते. बोटीसाठी गॅस बाहेर न गळणारा, बोटीचा म्हणूनच मिळणारा एक्झॉस्ट लागतो, आणि हीटरने हवा खोलीतून किंवा बाहेरून घ्यावी, इंजिनाच्या कप्प्यातून कधीच नाही.

पैसे गेले ते गेलेच. फसवणुकीचे पैसे बँकांनी परत द्यावेत असा नियम इथे ऑक्टोबर २०२४ पासून आहे, पण वस्तू हातात मिळाली आणि ती खराब निघाली, तर बँक त्याला खाजगी वाद म्हणते. मला तेच उत्तर मिळालं. छोट्या दाव्यांच्या कोर्टात जायचं तर समोरच्याचा पत्ता हवा. माझ्याकडे बंद पडलेला फोन नंबर होता. त्याच माणसाच्या दुसऱ्या नावाने आणखी तीन हीटर विकायला होते, फळी तीच, कॅनही तोच. धंदा करत असून खाजगी विक्रेता असल्याचं भासवणं इथे बेकायदा आहे. त्याची तक्रार मी केली आहे.

जुना घ्यायचाच असेल, तर विक्रेत्याला आधीच सांगा की मी आल्यावर हीटर थंड हवा, आणि हात लावून खात्री करा. इंजिन बंद ठेवून अर्धा तास तरी चालवायला लावा. एक्झॉस्टच्या तोंडात बोट फिरवून काजळी बघा. चाललेले तास कंट्रोलरमधून वाचून दाखवायला सांगा. घरी बोलावत नसेल तर परत फिरा. आणि हीटर बसवायच्या आधी झोपायच्या खोलीत अलार्म लावा.

तो हीटर दोघांनी माझ्याकडे सुट्या भागांसाठी मागितला, शंभर पौंड द्यायला तयार होते. मी कवच काढलं, बर्नर आणि त्याचा तापणारा कप्पा काठावरच्या दगडावर ठेवून हातोड्याने चेपला, आणि मगच भंगारात टाकला.