जळालेली मोटर, पाटीवरचा भाव आणि समोर तोललेली तार

फलटण तालुक्यात माझी पिठाची गिरणी आहे. दहा एचपीची थ्री फेज मोटर. विजेच्या तीनपैकी एक फेज जातो, मोटर घुरघुरते, आणि मी हॉपरपाशी असले तर स्विचपर्यंत पोचायच्या आत वाइंडिंग, म्हणजे मोटरीतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, जळून जातं. आजवर तीनदा झालं. बसस्थानकामागच्या गल्लीत रिवाइंडिंगचं जे छोटं दुकान आहे, तिथं दोनदा काम करून घेतलं. त्या दुकानाबद्दल लिहिते आहे, पण आधी पहिल्या वेळेचं सांगायला हवं.

मार्च २०१७. तेव्हा दुसरीकडे गेले होते. तिथल्या मालकानं बिलात ८०० रुपये जादा लावले. विचारलं तर म्हणाले, "चिलीत खाणीचा संप चाललाय, तांबं मिळत नाही." जळकी तार परत मागितली, तर तिचं काय येतंय म्हणून ठेवून घेतली. दळणाची पोती दारात पडली होती, मी पैसे देऊन निघाले.

गिरणीत बसून पेपरातलं बाजारभावाचं पान वाचायची मला कॉलेजपासूनची सवय. मागचे अंक काढून बघितले. संप खरा होता. एस्कोंदिदा ही जगातली सर्वांत मोठी तांब्याची खाण, तिथले सुमारे अडीच हजार कामगार ९ फेब्रुवारीपासून बाहेर होते. पुढं तो संप ४४ दिवस चालला. त्याच वेळी इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग खाणीची निर्यातही अडकली होती. एवढं होऊन लंडनच्या धातूबाजारात तांब्याचा भाव कुठं होता? संपाआधी टनाला ५,८००–५,९०० डॉलरच्या आसपास, मध्ये ६,१०० च्या वर जाऊन आला, आणि संप सुटला तेव्हा पुन्हा जवळपास तिथंच. कामगारांच्या पगाराच्या कराराची मुदत कधी संपते हे सगळ्या व्यापाऱ्यांना आधीपासून ठाऊक असतं, म्हणून संपाची धास्ती भावात अगोदरच शिरलेली असते. त्यात मार्चच्या सुरुवातीला लंडनच्या त्या बाजाराच्या गोदामांत मोठा साठा येऊन पडला. खरी उसळी आली होती ती आदल्या नोव्हेंबरात. म्हणजे माझ्या ८०० रुपयांचा त्या कामगारांशी काही संबंध नव्हता. त्यांच्या नावावर ते उकळले याचा मला आजही राग आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात मोटर पुन्हा जळाली, तेव्हा शेजारच्या पिठल्याभाकरीच्या गाडीवाल्यानं या दुकानाचं नाव सांगितलं. दुकान कसलं, दहा बाय पंधराची खोली. दारात काळी पाटी, तिच्यावर खडूनं किलोचे दोन भाव: नवी तार ५८०, जळकी तार ४००. मिस्त्रींनी मोटर खोलली, तार कापून काढली आणि माझ्या पुढ्यात काट्यावर ठेवली. काटा मी वाचायचा, वजन त्यांनी वहीत लिहायचं. नवी तार भरल्यावर रीळ पुन्हा तोललं. मजुरी २,४०० वेगळी. तारेचे वेढे घेऊन कॉइल त्यांच्या पत्नी घालतात, फॉर्म्यावर, म्हणजे साच्यावर. वेढे तोंडानं मोजत नाहीत, पण चुकत नाहीत. मी दोन तास बघत बसले होते.

मग २०२४. मेच्या शेवटच्या आठवड्यात मोटर गेली. त्याच महिन्याच्या २० तारखेला तांब्यानं लंडनला ११,००० डॉलर ओलांडून उच्चांक केला होता, त्यामुळं जाताना पोटात गोळाच आला. पाटीवर आकडे होते १,०४० आणि ७८०.

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, वरचा आकडा बघून घाबरू नका. दोन्हींतला फरक बघा."

बिल असं झालं. नवी तार ५ किलो ६०० ग्रॅम, ५,८२४ रुपये. मजुरी २,८००. बेअरिंग, इन्सुलेशनचा कागद आणि व्हार्निश मिळून १,१५०. त्यातून जळकी तार ५ किलो २०० ग्रॅमचे ४,०५६ वजा. हातात पडलं ५,७१८ चं बिल. भाव चढतो तेव्हा माझ्या मोटरीत अडकलेलं जुनं तांबंही महाग होतं, हे २०१७ मध्ये मला कोणी सांगितलं नव्हतं. ज्या दुकानात जळकी तार परत मिळत नाही किंवा बिलातून वजा होत नाही, तिथं महागाईचा सगळा भार एकट्या गिऱ्हाइकावर येतो.

त्या वेळी भाव का चढला, तेही त्यांना नीट माहीत होतं. मोबाइलवर एमसीएक्सचा, म्हणजे आपल्याकडच्या वायदेबाजाराचा, दर रोज बघतात. पनामातली कोब्रे पनामा ही मोठी खाण कोर्टाच्या निकालानंतर २०२३ च्या अखेरीस बंद पडली, चीनमधल्या तांबं गाळणाऱ्या कारखान्यांना कच्चा माल पुरेना, आणि वर विजेच्या गाड्या नि वीजवाहिन्यांची मागणी. आपल्याकडं तुतिकोरिनचा वर्षाला चार लाख टनांचा कारखाना २०१८ मध्ये बंद झाल्यापासून देशाला शुद्ध तांबं बाहेरून आणावं लागतं, म्हणून तिकडचा झटका इथं लगेच बसतो. ऑगस्टमध्ये एस्कोंदिदात पुन्हा संप झाला, तीन दिवसांत मिटला. मी पाटी बघायला मुद्दाम गेले. भाव मेपेक्षा उतरला होता आणि पाटीवरचा आकडाही उतरलेला होता. चढलेला आकडा सगळे लिहितात. उतरलेला लिहिणारा हा मला पहिला दुकानदार भेटला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. पाच वर्षांत तार ५८० वरून १,०४० ला गेली, मजुरी २,४०० वरून २,८०० ला. तिकडं चिलीचे कामगार भाव चढला की आपला वाटा मागतात, आणि मागायलाच हवा. इथं कमरेत वाकून दिवसभर खाचांत तार भरणारा मिस्त्री आणि कॉइल घालणारी त्याची बायको, यांच्या हाताला तो वाढीव भाव शिवतसुद्धा नाही. मी बोलून दाखवलं तर म्हणाले, गिऱ्हाईक मोडेल. माझ्यापुरतं सांगते, ३,५०० मागितले तरी मी इथंच येईन.

उणीव म्हणाल तर वेळेची. मार्च ते मे पाणबुडी मोटरींची रांग लागते, चार-पाच दिवस धरून चाला. व्हार्निश पूर्ण वाळल्याशिवाय आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघितल्याशिवाय ते मोटर देत नाहीत, कितीही घाई करा. मोटर उतरवायला माणूस मिळत नाही, आपला न्यावा. २०१९ चं वाइंडिंग पाच उन्हाळे चाललं आणि गेलं तेही फेजच्या गोंधळानं. या वेळी त्यांच्याच सांगण्यावरून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घेतला आहे, एक फेज गेला की तो मोटर आपोआप बंद करतो. सकाळी नऊला दुकान उघडतं, दुपारी दीड ते तीन बंद. जाल तेव्हा मोटरीवरची माहितीची प्लेट काढून टाकू नका, त्यांना ती लागते. आणि तार तोलताना काट्यापाशी उभे राहा, ते स्वतःच बोलावतील.