काउपुरी की तुकुनाका?

आयाहुआस्का म्हणजे एक वेल आणि एका झुडपाची पानं उकळून केलेला, भास घडवणारा विधीचा काढा. ब्राझीलमध्ये त्याच्या वेलीचे दोन प्रकार मानतात: काउपुरी आणि तुकुनाका. वनस्पतिशास्त्राच्या लेखी दोन्ही बॅनिस्टेरिओप्सिस कापीच, पण हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो. काउपुरीच्या पेरांना संधिवाताने सुजलेल्या बोटांसारख्या गाठी. तुकुनाका सुंभासारखी पिळदार, त्यामानाने गुळगुळीत. काउपुरीचा काढा जहाल, ओकारी हमखास, असं पिणारे सांगतात. (ओकारीला ते शुद्धी मानतात, त्रास नव्हे!) तुकुनाका सौम्य समजली जाते. १९३०च्या सुमारास आक्रे प्रांतात सुरू झालेल्या सांतो दाइमे पंथात वेलीला ‘जागुबे’ म्हणतात. तिथे पुरुष ती लाकडी मोगरीने ठेचतात, बायका सोबतच्या झुडपाची पानं निवडून पुसतात. नवख्यांसाठी सौम्य वेल बरी, हे मला तरी पटतं; पण गाठींचा रुबाब वेगळाच.