साथीच्या दिवसात डोळ्यातलं इंजेक्शन: मोठं हॉस्पिटल, छोटा दवाखाना, का थांबून जायचं?

कुठे ताप-खोकल्याची साथ सुरू झाली की आमच्याकडे एक फोन हमखास येतो. या वेळी मावसभावाचा होता. "अबे, आईचं डोळ्यातलं इंजेक्शन आहे पुढच्या आठवड्यात, मोठ्या हॉस्पिटलात नेऊ, धंतोलीतल्या छोट्या दवाखान्यात नेऊ, का राहूच देऊ सध्या?" मला विचारतात कारण 2020 आणि 2021 मध्ये मी माझ्या आईला याच इंजेक्शनसाठी नागपूरभर फिरवलं, शुगरमुळे तिच्या पडद्याला सूज होती, आणि तिन्ही प्रकार करून बसलोय. मोठं पण, छोटं पण, थांबून पण. तर एकदाच लिहून टाकतो.

आधी थांबण्याचं. सगळ्यात सोपं वाटतं ते. 25 मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला आणि आम्ही डॉक्टरला न विचारता एप्रिल, मे, जून सरळ सोडून दिले, घराबाहेर पडायचीच भीती होती तेव्हा. जूनच्या शेवटी आई म्हणे, कालनिर्णयच्या चौकटी वाकड्या दिसून राहिल्या. सूज परत आली होती. गुडघ्याचं इंजेक्शन महिनाभर पुढे गेलं तर माणूस लंगडत का होईना चालतो, पडद्याचं तसं नाही, गेलेली नजर नंतर पूर्ण परत येईलच असं नसतं. पण सगळ्यांचं सारखंही नसतं. वयामुळे पडद्याखाली पाणी-रक्त झिरपतं तो प्रकार असेल तर सुरुवातीची महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं चुकवूच नये, एकच डोळा कामाचा उरला असेल तर अजिबातच नाही. शुगरची सूज बरेचदा काही आठवडे ओढता येते. पण हे डॉक्टरने ठरवायचं, फोनवर विचारलं तरी चालतं, आपण घरी बसून नाही. आणि थांबायचं ठरलं तर रोज एकेक डोळा झाकून कॅलेंडर बघायचं, रेघ वाकडी दिसली की निघायचं.

पेशंटला स्वतःला ताप-खोकला असेल तर मात्र फोन करून तारीख बदलून घ्या. डोळे आले असतील तरी तेच, 2023 च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ होती तेव्हा कितीतरी जणांचे डोळे लाल होते, तशा डोळ्यात सुई घातली तर बाहेरचं इन्फेक्शन आत जाऊ शकतं.

आता मोठं विरुद्ध छोटं. इथे माझं मत ठाम आहे आणि ते बिल्डिंग बघून झालेलं नाही. सुई आत जाऊन बाहेर यायला काही सेकंद लागतात, 0.05 मिलि औषध, बस. साथीचा आजार लागायचा असेल तर तो बहुतेक त्याच्या आधीच्या बसण्यात लागतो. सप्टेंबर 2020 मध्ये, नागपुरात पहिली लाट जोरात होती तेव्हा, एका मोठ्या हॉस्पिटलात आम्ही अडीच तास बेसमेंटमध्ये बसलो. गेटवर टेंपरेचर गन, सॅनिटायझर, सगळं टापटीप, आणि आत खिडकी एक नाही, एसी चालू, भल्ली गर्दी, खुर्च्यांवर फुली मारलेली पण फुलीवरही माणसं बसलेली, आणि नाव पुकारणारा पोट्टा मास्क हनुवटीवर घेऊन ओरडून राहिला. ताप यायच्या आधीच माणूस कोरोना पसरवू शकतो, त्याला ती गन काय पकडणार. ओटी मात्र चांगली होती, फिल्टरची हवा, स्टाफ एन-95 मध्ये. त्यात आम्ही जेमतेम दहा मिनिटं होतो.

एप्रिल 2021 मध्ये छोट्या दवाखान्यात गेलो. व्हॉट्सॲपवर वेळ दिली, ऑटोतच बसून राहा म्हणाले, नंबर आला की फोन करतो. ऑटो दोन्ही बाजूंनी उघडा, काच लावलेल्या एसी कॅबपेक्षा केव्हाही बरा. आत वेटिंगमध्ये खिडकीला आपला तो डेझर्ट कूलर. ह्याच्यावर हसू नका, खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो, समोरचं दार उघडं असलं की खोलीतली जुनी हवा निघून जाते, आणि स्प्लिट एसी तीच हवा फिरवून फिरवून थंड करतो. फक्त इंजेक्शनच्या खोलीत कूलर दिसला तर उठून या, ते ओलं वारं आणि टाकीतलं पाणी उघड्या डोळ्याजवळ नको.

तपासणीच्या मशीनवर डॉक्टरचं आणि पेशंटचं तोंड दीड वीत अंतरावर येतं, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा पडदा हवा. या डॉक्टरांनी जुनी एक्स-रे फिल्म कापून लावली होती, दिसायला गबाळी पण काम तेच. आणि व्हॉल्ववाला एन-95 नको, श्वास गाळल्याशिवाय बाहेर सोडतो तो, सरकारनेच जुलै 2020 मध्ये वापरू नका म्हणून सांगितलं होतं.

मला खरा फरक दिसला तो चिकटपट्टीत. मास्क लावला की चष्म्यावर वाफ येते ना, ती म्हणजे नाकाजवळून वर निघालेली आपली हवा, तोंडातले जंतू घेऊन सरळ डोळ्याकडे. सिस्टरने आईच्या मास्कच्या वरच्या कडेला, नाकावरून दोन्ही गालांपर्यंत मायक्रोपोर लावला, मग जंतू मारणारे 5 टक्के पोविडोन आयोडीनचे थेंब टाकून थांबल्या. मोठ्या हॉस्पिटलात पट्टी नव्हती, आणि सुई हातात असताना डॉक्टर असिस्टंटशी सुट्ट्यांबद्दल बोलत होते.

छोट्या ठिकाणची कमजोर बाजू एकच, औषध. या इंजेक्शनात वापरतात ते बेव्हासिझुमॅब नावाचं औषध स्वस्त पडतं कारण ती मुळात कॅन्सरच्या औषधाची मोठी वायल, म्हणजे बाटली, आहे, तिच्यातून बारीक बारीक डोस काढतात. ते काम निर्जंतुक जागी व्हायला पाहिजे. एकच वायल दिवस-दिवस टेबलावर टोचत असतील तर डोळ्याच्या आत पू होण्याची भीती, हजारोंत एखाद्याला होतं पण झालं तर डोळा जाऊ शकतो. सरळ विचारा, सिरिंज कुठून भरून येते? उत्तर गोलमोल आलं तर पैसे जास्त गेले तरी सीलबंद एकेरी डोसचं दुसरं औषध घ्या, नाहीतर मोठ्या ठिकाणी जा. डायलिसिस चालू आहे, हार्टचा त्रास आहे, अशा पेशंटसाठी पण मी मोठंच म्हणेन, फक्त सकाळचा पहिला नंबर मागून. आणि कुठेही घेतलं तरी नंतरच्या आठवड्यात दुखणं वाढलं, डोळा लाल होत गेला, नजर कमी झाली तर त्याच दिवशी परत, साथ असो का नसो.

मावशीचं साधं, नेहमीचं इंजेक्शन आहे, म्हणून भावाला छोटा दवाखानाच सांगितला, सिरिंजचं विचारून. आणि म्हटलं, मावशीले सांगून ठेव, आत कोणी बोलत नाही. छोट्या दवाखान्यात माझी आई पापण्यांना क्लिप लावल्यावर तीनदा "झालं का हो?" म्हणाली, डॉक्टर एक अक्षर बोलले नाहीत. क्लिप काढल्यावर त्यांनी नीट समजावलं, बोललं की तोंडातले जंतू उडतात म्हणून गप्प होतो. तोवर तिचं ठरून गेलं होतं, माणूस भल्ला शिष्ट आहे.