कोणते पाटील? एका परिचय पुस्तिकेची पारख

खानदेशात नुसतं ‘पाटील’ सांगून काही कळत नाही. मराठा पाटील, लेवा पाटील, गुजर पाटील, कोळी पाटील... आडनाव एक, सोयरिकीच्या वाटा वेगळ्या. म्हणून ओळख निघाली की दुसरा प्रश्न ठरलेला: कोणते पाटील? वधू-वर परिचय पुस्तिका घेतली की हा प्रश्न विचारावा लागत नाही, तिचा खप त्यावरच आहे. जळगावकडच्या एका समाजमंडळाची यंदाची पुस्तिका या एका कामात चोख आहे, बाकीच्या कामांत कच्ची.

मांडणी आधी. पानाला चार स्थळं, शिक्षणानुसार गट, प्रत्येकाला अनुक्रमांक. मेळाव्यात माईकवरून नाव घ्यायच्या आधी अनुक्रमांक पुकारतात, तेव्हा हे फार सोयीचं पडतं. फोटो मात्र काळपट छापलेत. विधवा, विधुर, घटस्फोटित शेवटच्या आठ पानांत, फोटोशिवाय. जागा वाचवायची होती म्हणावं, तर देणगीदारांच्या जाहिराती रंगीत आणि पूर्ण पानाच्या आहेत.

खरी पारख रकान्यांची. पोटशाखा, कूळ, मामाचं कूळ, गाव हे चार रकाने ठळक अक्षरात. कूळ जुळलं की स्थळ बाद, हा नियम जवळचं रक्त टाळण्यासाठी, असं सांगतात. पण मामाची मुलगी चालते, कारण तिचं कूळ वेगळं. सख्ख्या आते-मामे भावंडांचा सरासरी आठवा हिस्सा वारसा सारखा असतो. कूळ बापाच्या बाजूनेच मोजतात, त्यामुळे आईकडून आलेलं रक्त या चाळणीतून सुटतं.

पोटशाखेचा रकाना तर निव्वळ ‘आपले-परके’ करण्यापुरता. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी 1970 च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. क्ले आणि कांडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कोण आवडतो यावरून गट पाडले असं मुलांना सांगितलं. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इतकंच नाही, दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावं म्हणून आपल्याच गटाचे थोडे पैसे कमी झाले तरी चालवून घेतलं. ‘अपेक्षा’ या रकान्यात ‘फक्त आपल्याच शाखेतील’ लिहून शिकलेलं, कमावतं स्थळ सोडणारी घरं हाच हिशेब करतात.

रक्तगटाचा रकाना आहे, पण त्यावरून स्थळ नाकारण्यात अर्थ नाही. मुलगी आरएच निगेटिव्ह असली तरी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वेळेवर अँटी-डी इंजेक्शन देऊन काळजी घेता येते. हवा होता तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रकाना, तोच नाही. चोपडा, यावल, शिरपूर, शहादा या सातपुड्याकडच्या तालुक्यांत हा आजार ठाऊक आहे. मलेरियाच्या मुलखात वाहक तगले, कारण आई-बापाकडून आलेल्या दोन जनुकांपैकी एकच बदललेला असेल तर जीवघेण्या मलेरियापासून बराच बचाव होतो. दोन्ही बदललेले असतील तर मात्र आजार. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. एकच वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर आजारी मूल होत नाही, वाहक होऊ शकतं. आपसातच लग्नं करणाऱ्या गटात वाहकाला वाहक भेटण्याचा धोका वाढतो. सॉल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीने फक्त संशय कळतो. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्तचाचणीने ठरतं. त्यामुळे ‘चाचणी झाली’ एवढ्यावर थांबू नका, कोणती झाली ते विचारा. आणि वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे स्थळ बघणाऱ्या काका-मामांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर मुलीच्या नावाला उगाच बट्टा लागतो.

शेतीचा रकाना सर्वांत फसवा. ‘10 एकर बागायत, केळी’ असं छापलेलं असतं, पण सातबाऱ्यावर चार भाऊ असले की वाट्याला अडीच. बैठकीआधी सातबारा आणि 8-अ दोन्ही बघावेत, विहिरीला पाणी किती महिने टिकतं तेही विचारावं. नोकरीवाल्यांनी ‘पॅकेज’ लिहिलंय; हातात पडणारा पगार वेगळा असतो.

‘आंतरजातीय चालेल’ असा रकाना टाकायला मंडळ बिचकतं, ‘समाज काय म्हणेल’ हे कारण पुढे करून. पण असं लग्न केलेल्या घराला वाळीत टाकलं तर 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

फॉर्म भरताना मोबाईल नंबर दोन द्या, आणि त्यातला एक घरात कायम असणाऱ्याचा. लग्न ठरलेल्यांची नावं छापील पुस्तिकेतून निघत नाहीत. फोन लावताना पहिलं वाक्य ‘स्थळ अजून चालू आहे का?’ हेच ठेवा.